ग्रेडरच्या नावातलं 'पेट्रोल'

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं: 'स्वयंचलित ग्रेडर आल्यामुळे अमेरिकेच्या ग्रामीण भागातील सक्तीचे रस्तेकाम संपुष्टात आले.' दोन वर्षं ते वाक्य तिथं सुखानं नांदत होतं. गाईडनी वाचलं, मी सेमिनारमध्ये मांडलं, कुणी हरकत घेतली नाही. मग गेल्या लेबर डेच्या सुट्टीत आयोवा राज्यातल्या जुन्या यंत्रांच्या एका प्रदर्शनाला गेले, आणि परत आल्यावर आठवडाभरात ते वाक्य खोडलं.

का खोडावं लागलं, ते आज सांगते. तुमच्यापैकी बरेच जण 'पेट'ची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिस लिहिताय. तुमचा विषय रस्ते किंवा यंत्रं नसेल, पण माझ्या हातून जी चूक झाली ती कुठल्याही विषयात होऊ शकते.

प्रदर्शन म्हणजे जत्राच

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये अशी प्रदर्शनं गावोगावी भरतात. आयोवातल्या माउंट प्लेझंटचा मेळावा तर 1950 पासून चालू आहे. तो मोठा, मी गेले ते बरंच लहान होतं. पण वातावरण आपल्या जत्रेचंच. एका बाजूला वाफेवरचं मळणीयंत्र धडधडतंय, दुसरीकडे मक्याची कणसं भाजतायत, पोरं ट्रॅक्टरच्या सीटवर चढून फोटो काढतायत. आणि प्रत्येक यंत्रापाशी घडीच्या खुर्चीवर त्याचा मालक बसलेला. कुणी थांबून एक प्रश्न विचारला की त्या माणसाची अर्ध्या तासाची निश्चिंती.

मी ज्याच्यासाठी गेले होते ते यंत्र मैदानाच्या टोकाला होतं. कॅटरपिलर कंपनीचा 1931 चा ग्रेडर. पिवळाधमक. लांब सांगाडा, मागच्या बाजूला इंजिन, त्याच्या पुढे उंचावर उभं राहायची जागा आणि हातात धरायचे एका ओळीत दांडे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या पोकळीत आडवं लोंबणारं वाकडं पोलादी पातं. नटबोल्ट नवे, दांड्यांच्या मुठी घासून चकचकीत. खरं सांगते, पहिली दहा मिनिटं मी संशोधक वगैरे काही नव्हते. नुसती बघत होते. नव्वदी पार केलेलं लोखंड इतकं देखणं असू शकतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी ते आजवर कागदावरच पाहिलं होतं.

ग्रेडर आपल्याकडेही रस्त्याच्या कामावर दिसतो, पण त्याचं काम नेमकं काय ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मातीचा किंवा मुरमाचा रस्ता टिकतो तो त्याच्या आकारावर. मध्ये उंच, दोन्ही कडांना उतार, आणि उताराच्या टोकाला चर. साइटवर याला कॅम्बर म्हणतात. पावसाचं पाणी मधे थांबलं की चिखल, चिखलात चाक रुतलं की चाकोरी, चाकोरीत पुन्हा पाणी. म्हणून कडेला सरकलेली माती पुन्हा पुन्हा मध्यावर ओढावी लागते. ग्रेडर हे करतो. तिरकं धरलेलं पातं कडेची माती कापतं आणि ती पात्यावरून घरंगळत मध्याकडे जाते. शेतात केणीनं माती ओढून रान सपाट करताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे सांगायला नको.

यात महत्त्वाचा शब्द 'पुन्हा पुन्हा' हा आहे. तो लक्षात ठेवा.

पिवळा रंग कुणाच्या काळातला?

यंत्राचे मालक सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेच्या, रस्ते विभागात त्यांनी आयुष्यभर ग्रेडर चालवला होता. मी अभ्यासाचा विषय सांगितल्यावर ते उठले आणि मला यंत्राच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथं इंजिनच्या आवरणाखाली, सहज दिसणार नाही असा, तळहाताएवढा एक चौकोन त्यांनी रंगवायचा मुद्दाम सोडला होता. त्यात रंगाचे थर पायऱ्यांसारखे घासून उघडे केलेले: वर नारिंगी, त्याखाली पिवळा, त्याखाली राखाडी, आणि मग उघडं लोखंड.

राखाडी पाहून मी चमकले, आणि लगेच स्वतःवरच हसले. मला हे माहीत असायला हवं होतं. कॅटरपिलरची यंत्रं सुरुवातीला राखाडी रंगाची असत, त्यावर लाल रेघा. 7 डिसेंबर 1931 ला कंपनीनं रंग बदलला आणि 'हायवे यलो' हा नवा पिवळा आणला. रस्त्यावर चालणारं यंत्र मोटारवाल्यांना लांबून दिसावं, हे त्यामागचं एक कारण. समोरचं यंत्र त्या तारखेच्या आधी कारखान्यातून निघालेलं होतं. म्हणजे जन्माला आलं तेव्हा ते पिवळं नव्हतंच!

"मग तुम्ही राखाडी का नाही दिला?" मी विचारलं.

ते म्हणाले, "मी ज्या मशीनवर शिकलो ते पिवळं होतं. आणि राखाडी मशीन लोक ओळखत नाहीत. समोरून निघून जातात."

पिवळ्यातही त्यांनी चोखंदळपणा केला होता. आज आपण ज्याला कॅटरपिलरचा पिवळा म्हणून ओळखतो तो 1979 मध्ये आलेला आहे; त्याच्या आधीचा हायवे यलो वेगळा. त्यांनी आजचा तयार डबा न वापरता जुना रंग जुळवून घेतला होता. कुठला भाग मूळचा, कुठला दुसऱ्या यंत्रातून काढून बसवला, कुठला नव्यानं ओतून घेतला, हे सगळं एका वहीत तारखेनिशी लिहिलं होतं. फोटो चिकटवलेले. मी मनात म्हटलं, माझ्या अभिलेखागारातल्या टिपणांपेक्षा या वहीची शिस्त बरी आहे.

इथं पहिला धडा. मराठीत 'साधन' हा शब्द दोन्हींसाठी आहे, हत्यारासाठीही आणि इतिहासाच्या पुराव्यासाठीही. पण एखादं यंत्र हत्यार म्हणून दुरुस्त करताना पुरावा म्हणून त्यातलं बरंच काही पुसलं जातं. जुना रंग खरवडला जातो, झिजलेलं पातं बदललं जातं, ऑपरेटरनं स्वतःच्या सोयीसाठी डकवलेली पट्टी 'मूळची नाही' म्हणून काढली जाते. म्हणजे नव्यासारख्या केलेल्या यंत्रात किमान दोन काळ असतात: ते बनलं तो, आणि कुणीतरी ते प्रेमानं पुन्हा उभं केलं तो. त्या गृहस्थांचा पिवळा रंग 1931 बद्दल खोटा आहे, पण त्यांच्या स्वतःच्या उमेदवारीच्या वर्षांबद्दल अगदी खरा. कुठल्या काळाबद्दल आपण प्रश्न विचारतोय ते आधी ठरवावं लागतं. त्यांनी तो चौकोन उघडा ठेवला नसता, तर मी पिवळ्या रंगाचा फोटो काढून '1931 मधील ग्रेडर' अशी ओळ खाली लिहून मोकळी झाले असते.

आईचा प्रश्न

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले असतील. मी तिला ग्रेडर दाखवला. इंजिनच्या बाजूला मोठ्या अक्षरांत यंत्राचं नाव होतं: 'ऑटो पेट्रोल'. आईनं ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, "पेट्रोलवर चालतो का गं?"

मी हसून म्हटलं, "अगं, ते पेट्रोल नाही. पोलीस पेट्रोलिंग करतात ना, ते. गस्त."

"रस्त्यावर गस्त? कशाला? रस्ता काय पळून जातोय?"

उत्तर देता आलं नाही. 'ऑटो पेट्रोल' हे नाव मी प्रबंधात कितीदा तरी लिहिलं होतं, पण ते नाव का, हे कधी स्वतःला विचारलं नव्हतं. ब्रँडचं नाव म्हणून सोडून दिलं होतं. मी तोच प्रश्न त्या गृहस्थांना इंग्रजीत विचारला.

ते म्हणाले, "माझे आजोबा पेट्रोलमन होते. काउंटीनं त्यांना काही मैलांचा तुकडा नेमून दिला होता. पाऊस पडून गेला की निघायचं, आपल्या तुकड्यावरून जायचं, माती ओढायची, चर मोकळे करायचे. महिन्याचे पैसे मिळायचे."

"हाच ग्रेडर होता का त्यांच्याकडे?"

"छे. दोन घोडे होते."

फोन चालूच होता. मी आईला मराठीत सांगितलं, तर ती पटकन म्हणाली, "म्हणजे आबांसारखे मैलकुलीच की!"

आबा म्हणजे माझे आईकडचे आजोबा. सांगोल्याच्या बाजूला बांधकाम खात्यात मैलकुली होते. त्यांना नेमून दिलेला रस्त्याचा तुकडा, पाटी-फावडं, खड्डे बुजवणं, साइडपट्टीवरची झुडपं काढणं, पावसाळ्याआधी गटारं मोकळी करणं, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे. हे सगळं मी लहानपणी ऐकलेलं. पण अमेरिकेतल्या रस्त्यांवर प्रबंध लिहिताना आबा एकदाही आठवले नव्हते.

त्या मैदानात उभ्या उभ्या मला माझं वाक्य डळमळताना दिसलं. यंत्राच्या नावातच यंत्राच्या आधीचा माणूस होता. पेट्रोलमन आधी, 'ऑटो पेट्रोल' नंतर. मग सक्तीचं रस्तेकाम यंत्रानं कसं संपवलं?

वाक्य तपासून पाहणं

एका माणसाची आठवण म्हणजे सिद्धान्त नव्हे. ती फक्त शंका निर्माण करते. घरी येऊन मी ती शंका तीन अंगांनी तपासली.

पहिलं, तारखांचा क्रम. सक्तीचं रस्तेकाम म्हणजे काय ते आधी सांगते. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत धडधाकट पुरुषांना वर्षातले काही दिवस गावच्या रस्त्यावर राबावं लागे, किंवा त्याऐवजी रोख पैसे भरावे लागत. वर देखरेखीला शेजारचाच कुणीतरी शेतकरी. सवडीच्या दिवसांत सगळे जमायचे, थोडी माती हलवायची, बऱ्याच गप्पा व्हायच्या. वर्षातून एकदा झालेलं हे काम पहिल्या मोठ्या पावसात वाहून जायचं. 1904 ची सरकारी मोजदाद सांगते की देशात साडेएकवीस लाख मैलांच्या आसपास रस्ते होते आणि त्यातले सुधारलेले फक्त सात टक्क्यांच्या घरात.

आता यंत्र. इंडियाना राज्यातल्या जे. डी. ॲडम्स यांनी 1885 मध्येच झुकत्या चाकांचा ग्रेडर बनवला. पातं तिरकं धरलं की माती सगळ्या यंत्राला बाजूला ढकलते. चाकं उलट दिशेनं कलती करता आली की ते तग धरतं. साधी, हुशार युक्ती. घोड्यांनी ओढायचे असे ग्रेडर विसाव्या शतकाच्या आधीपासून बाजारात होते. यंत्रामुळे सक्ती संपणार असती, तर ती तेव्हाच संपायला लागायला हवी होती.

ती संपली नव्हती. 1916 चा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, बटलर विरुद्ध पेरी. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार 21 ते 45 वयाच्या पुरुषांनी वर्षातून सहा दिवस, रोज दहा तास, रस्त्यावर काम करायचं. नाहीतर बदली माणूस द्यायचा. नाहीतर तीन डॉलर भरायचे. जेक बटलर यानं काम केलं नाही, त्याला तुरुंगवास झाला. प्रश्न असा होता की ही गुलामगिरी नाही का? 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीनं तर सक्तीच्या चाकरीवर बंदी आणली होती. न्यायालयानं सांगितलं, नाही. हे नागरिकाचं राज्याप्रती असलेलं जुनं कर्तव्य आहे. हिशेब करून बघा: साठ तासांचे तीन डॉलर, म्हणजे तासाला पाच सेंट. ज्याच्या खिशात तीन डॉलर आहेत तो सुटला. नाहीत त्यानं फावडं उचलायचं. यंत्र बाजारात येऊन तीस वर्षं झाली होती आणि वेठ कायदेशीर होती.

दुसरं, यंत्र नसलेली जागा. हा उपाय तुम्हीही वहीत लिहून ठेवा: 'अ मुळे ब झालं' असं वाटलं की 'अ' नसताना 'ब' झालेली जागा शोधा. मला ती फ्रान्समध्ये सापडली. तिथं रस्त्यावरच्या वेठीला कोर्वे म्हणत. लिमोज प्रांतात 1761 ते 1774 या काळात कारभार पाहणाऱ्या त्युर्गोनं वेठीऐवजी पैशांतला कर सुरू केला. त्याच प्रांतातला अभियंता त्रेझागे रस्त्याची देखभाल वर्षभर, सतत व्हावी असा आग्रह धरत होता. रस्त्याचा तुकडा नेमून दिलेल्या पगारी माणसाला पुढे फ्रान्समध्ये कांतोनिए म्हणू लागले आणि 1811 मध्ये नेपोलियनच्या हुकुमानं त्याला सरकारी व्यवस्थेत पक्की जागा मिळाली. म्हणजे वेठीकडून करापर्यंत आणि करातून पगारी देखभालीपर्यंतचा सगळा प्रवास एकाही इंजिनाशिवाय झाला. आबांचं मैलकुलीपण याच जातकुळीतलं.

तिसरं, दुसरं कारण. यंत्र कारण नसेल, तर मग कोण? इथं मला एका लाकडाच्या ओंडक्यानं मदत केली. मिसूरीतला शेतकरी डी. वॉर्ड किंग यानं ओंडका उभा चिरून त्याचे दोन भाग एकामागे एक जोडले आणि घोड्यांना जुंपून रस्त्यावरून तिरके ओढले. आपला मैंदच म्हणा ना. खर्च जवळपास शून्य, आणि रस्ता खरंच सुधारायचा. 1908 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं त्यावर शेतकऱ्यांसाठी पुस्तिकाही काढली. अट एकच: प्रत्येक पावसानंतर, माती ओलसर असताना, ओढायचा. वर्षातून एकदा जमून ओढला तर उपयोग नाही.

म्हणजे अडचण हत्याराची नव्हती. हत्यार फुकट मिळत होतं. अडचण ही होती की दर पावसानंतर घराबाहेर पडणारा माणूस कोण. ज्याच्यावर वर्षाला चार-सहा दिवसांची सक्ती आहे तो नक्कीच नाही. ती जबाबदारी पगारावरच ठेवता येते, आणि पगाराला पैसा लागतो. हा पैसा हळूहळू आला. 1891 मध्ये न्यू जर्सीनं रस्त्यांना राज्याची मदत सुरू केली. 1896 पासून खेड्यापाड्यांत घरपोच टपाल सुरू झालं आणि टपालगाडी जाण्याजोगा रस्ता राखणं ही गावाची गरज झाली. आणि 1916 मध्ये, बटलरच्या निकालानंतर पाचच महिन्यांत, अमेरिकी काँग्रेसनं रस्त्यांसाठी पाच वर्षांत साडेसात कोटी डॉलर देणारा कायदा केला. त्यात एक कलम असं: ज्या रस्त्याला हे पैसे मिळतील त्याची देखभाल राज्यानं केली पाहिजे, केली नाही तर पुढची कामं अडतील.

हे कलम मी आधीही वाचलं होतं, पण 'इतर तरतुदी' म्हणून पुढे गेले होते. आता ते वाचलं आणि ग्रेडरचं नाव डोळ्यांसमोर आलं. देखभाल ही कायद्यानं आणि पैशांनी बांधलेली रोजची गोष्ट झाली, पेट्रोलमन नेमले गेले, आणि मग त्या माणसाला वेग देणाऱ्या यंत्राला गिऱ्हाईक तयार झालं. 1920 च्या आसपास मिनेसोटातल्या रसेल कंपनीनं ट्रॅक्टरभोवती ग्रेडरचा सांगाडा बसवला. 1928 मध्ये कॅटरपिलरनं रसेल विकत घेतली. आणि 1931 मध्ये दोन यंत्रांची जोडणी न राहता सगळं मिळून एकच यंत्र असा 'ऑटो पेट्रोल' आला. यंत्र रांगेत शेवटी उभं होतं. मी त्याला उचलून पहिल्या नंबरला ठेवलं होतं.

यंत्रानं काहीच बदललं नाही असं मात्र मी म्हणत नाही. त्या प्रदर्शनात, शेडच्या मागे गवतात, ओढायचा एक गंजका ग्रेडर पडला होता. रंग नाही, पाटी नाही, जवळ कुणी नाही. त्याच्या मागच्या टोकाला उभं राहायचा फळा आणि पातं वर-खाली करायची दोन मोठी हातचाकं. अशा ग्रेडरला पुढे ओढणाऱ्यावर एक माणूस आणि मागे पात्यावर दुसरा लागायचा. 'ऑटो पेट्रोल'वर तो मागचा माणूस लागत नाही. यंत्रानं जे संपवलं ते सक्तीचं काम नव्हे, त्या फळ्यावर उभ्या राहणाऱ्या पगारी माणसाचं काम. माझ्या वाक्यात तो माणूस कुठेच नव्हता.

जे प्रदर्शनात नसतं

अजून एक गोष्ट राहिली. ती लिहिल्याशिवाय हा लेख पुन्हा नव्या रंगाचा ग्रेडर होईल.

वेठ संपल्यावर तिची जागा सगळीकडे पगारी माणसानं घेतली असं नाही. दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत ती कैद्यांनी घेतली. जॉर्जियानं 1908 मध्ये कैदी खाजगी मालकांना भाड्यानं देणं बंद केलं, आणि मग ते काउंटीच्या रस्त्यांवर आणले गेले. पायांत साखळ्या, बहुसंख्य कैदी कृष्णवर्णीय, आणि अनेकदा किरकोळ गुन्ह्यांची शिक्षा. 'चांगले रस्ते हवेत' ही चळवळ तिथं या श्रमावर पुढे गेली. म्हणजे 'रस्ता कोण राखणार' या प्रश्नाची अमेरिकेनं एकाच काळात तीन उत्तरं दिली: सक्तीनं आलेला शेजारी, साखळीतला कैदी आणि पगारी पेट्रोलमन. पिवळा रंग देऊन मैदानात उभं राहतं ते फक्त तिसरं उत्तर. कारण त्याच्याकडे यंत्र होतं, आणि ते यंत्र प्रेमानं जपणारा नातू होता. साखळी पुन्हा चकचकीत करून प्रदर्शनात कोण मांडेल?

यात त्या गृहस्थांचा काहीच दोष नाही. त्यांनी त्यांच्या आजोबांची आठवण राखली, आणि पुराव्याचा चौकोन उघडा ठेवण्याइतका प्रामाणिकपणा दाखवला. जे मैदानात नाही ते शोधणं हे माझं काम आहे, त्यांचं नाही.

तुमच्यासाठी

वस्तू साधन म्हणून वापरताना आता मी स्वतःला चार प्रश्न विचारते. तुम्हाला उपयोग झाला तर बघा.

एक, ही वस्तू आज जशी दिसते तशी ती कधी झाली, आणि कुणी केली? संग्रहालयातली मूर्ती असो की आजीचं पितळी पातेलं, घासणारा हात कुणाचा तरी असतोच.

दोन, तिचं नाव काय, आणि ते नाव कशावरून पडलं? नावात बहुधा आधीची गोष्ट दडलेली असते. मी 'पेट्रोल' हा शब्द दोन वर्षं लिहिला आणि एकदाही वाचला नाही.

तीन, तिच्याशिवाय तेच काम आधी कोण आणि कसं करत होतं? उत्तर 'कुणीच नाही' असं आलं तर समजा, नीट शोधलं नाही.

चार, तिच्या शेजारी काय असायला हवं होतं, जे आज तिथं नाही?

आणि एक आगाऊ सल्ला. वस्तूची ओळख असलेल्या माणसाकडून ती समजून घ्या, आणि त्याचं म्हणणं कागदाशी ताडून पाहा. दोन्ही. नुसतं पहिलं केलं तर आठवणींचं संकलन होतं. नुसतं दुसरं मी दोन वर्षं केलं; काय झालं ते वर लिहिलंच आहे.

तिसऱ्या प्रकरणातलं वाक्य आता असं आहे: 'रस्त्याची नियमित देखभाल ही पैशाने आणि कायद्याने बांधलेली जबाबदारी बनल्यावर तिच्यासाठी पगारी माणूस नेमला गेला, आणि स्वयंचलित ग्रेडर त्या माणसासाठी घडवला गेला, मात्र ही वाट सर्व राज्यांनी धरली नाही.' आधीच्यापेक्षा लांब आहे आणि तितकं ठसकेबाज नाही. गाईडनी वाचून एवढंच विचारलं, "मग शेवटच्या अर्ध्या वाक्याचं काय? त्याचं वेगळं प्रकरण करणार का?" म्हणजे काम वाढलं. सध्या जॉर्जियाच्या काउंटी समित्यांची कार्यवृत्तं वाचतेय.

निघताना मी त्या गृहस्थांना फोनवर आबांचा एक फोटो दाखवला. डोक्याला पटका, हातात फावडं, मागे गेरू-चुन्याचे पट्टे मारलेली कडुलिंबांची रांग. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "किती मैल होते त्यांच्याकडे?"

मला माहीत नव्हतं. रात्री आईला विचारलं, तिलाही नेमकं आठवेना. पुढच्या वेळी गावी गेले की विचारायचं, असं वहीत लिहून ठेवलंय.